म्हाताऱ्या कोंबडीचे आजारपण: घरी काय करावे आणि कुठे थांबावे

परसातील गावठी कोंबडी साधारण सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. पहिली दोन वर्षे ती भरात असते, पुढे दरवर्षी अंडी कमी होत जातात. व्यापारी लेयर फार्मवर पक्षी दीड वर्षाच्या आसपास काढून टाकतात, त्यामुळे कुक्कुटपालनाच्या माहितीपत्रकांत म्हाताऱ्या कोंबडीविषयी फारसे काही सापडत नाही. पण अनेक घरांत अशी एखादी कोंबडी असतेच. मुलांनी तिला पिल्लापासून वाढवलेले असते, तिला नाव असते आणि अंडे दिले नाही तरी तिला विकायचे नाही असे घरात ठरलेले असते. नीट सांभाळ झाला तर गावठी कोंबडी सात-आठ वर्षे जगू शकते, दहा वर्षे गाठणाऱ्याही असतात. म्हणजे अंड्याच्या भरापेक्षा तिचे म्हातारपणच मोठे. या काळात ती कधी ना कधी आजारी पडणार हे धरून चालावे.

कोंबडी आजार लपवते, हे आधी लक्षात घ्यावे. कळपात जी अशक्त दिसते तिला बाकीच्या टोचा मारतात, आणि घार-मांजराचा डोळाही तिच्यावरच जातो. म्हणून अंगात ताकद असेपर्यंत ती इतरांबरोबर फिरते, दाणे टिपल्याचे सोंगही करते. पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहिलेली कोंबडी तुम्हाला आज दिसली, तर तिचा आजार आजचा नसतो. "काल संध्याकाळपर्यंत चांगली होती" असे प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरे नसते. त्यामुळे म्हाताऱ्या कोंबडीच्या बाबतीत औषधापेक्षा दोन गोष्टींना अधिक महत्त्व आहे: आजार लवकर हाताला लागणे, आणि आजार दिसल्यानंतरचे पहिले चोवीस तास.

नुसते पाहून कळत नाही, हात लावावा

तीन वर्षांपुढच्या कोंबडीला आठवड्यातून दोनदा तरी उचलून तपासावे. संध्याकाळी कोंबड्या दांडीवर किंवा खुराड्यात बसल्या की हे काम सोपे होते, धावाधाव होत नाही. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उचलावे. छाती दाबू नये. कोंबडी छातीचे हाड पुढे-मागे हलवूनच श्वास घेते, ते दाबले गेले तर ती गुदमरते. याच कारणासाठी आजारी कोंबडीला उताणे झोपवूनही ठेवू नये.

आधी छातीचे मधले हाड चाचपावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखे बोटाला लागत असेल तर ती कित्येक दिवसांपासून वाळत आहे. पिसांमुळे हे वरून अजिबात दिसत नाही. स्वयंपाकघरातला किंवा दुकानातला वजनकाटा वापरून महिन्यातून दोनदा वजन लिहून ठेवले तर उत्तम. दीड किलोच्या कोंबडीचे दीडशे-दोनशे ग्रॅम वजन उतरले, तर बाकी सगळे ठीक दिसत असले तरी काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

मग गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला असलेली अन्नपिशवी पाहावी. रात्री ती दाण्यांनी भरलेली असते, सकाळी काही खाण्यापूर्वी रिकामी आणि सपाट असायला हवी. सकाळीही भरलेली असेल तर अन्न पुढे सरकलेले नाही. रात्री रिकामी असेल तर ती दिवसभर उपाशी आहे. एवढ्या एका तपासणीतून खूप काही कळते, तरी बहुतेक जण ती करत नाहीत.

शेपटीखालची पिसे स्वच्छ आहेत का, पोट फुगले आहे का, तळपायाला काळी खपली आहे का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. तुरा फिकट पडणे हे जंत, गोचीड-माइट किंवा रक्त कमी झाल्याचे लक्षण असू शकते. तुरा निळा-जांभळा होणे म्हणजे हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास. पिसे गळण्याच्या काळात आणि अंडी बंद असताना मात्र तुरा थोडा फिका आणि आखडलेला असतोच.

विष्ठेकडेही लक्ष द्यावे. नेहमीची विष्ठा तपकिरी-करडी आणि वर पांढरा थर असलेली असते. दिवसातून काही वेळा चॉकलेटसारखी चिकट, घाण वासाची विष्ठा पडते, तीही नैसर्गिक आहे, तिला हगवण समजू नये. गडद हिरवी, कमी प्रमाणातली विष्ठा बहुतेक वेळा उपाशीपोटीची असते. रक्त दिसले तर थांबू नये.

दोन गोष्टींनी फसगत होते. कोंबडीच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, म्हणून हाताला गरम लागली म्हणजे ताप आला असे नव्हे. दुसरे म्हणजे खुडूक. खुडूक बसलेली कोंबडी पिसे फुलवून दिवसभर एका जागी बसते, कमी खाते आणि एकदम मोठी विष्ठा टाकते. पण हात नेला की ती गुरगुरते, चोच मारते. आजारी कोंबडी हात नेला तरी तशीच बसून राहते.

एकच आजारी आहे की अनेक?

उपचाराच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मलूल झाल्या, अचानक मेल्या, डोके-चेहरा सुजला, तुरा काळानिळा पडला, माना वाकड्या झाल्या, तोंड उघडून श्वास चालू आहे, हिरवी हगवण आहे, तर हा म्हातारपणाचा आजार नाही. मानमोडी म्हणजेच राणीखेत किंवा बर्ड फ्लू यांची शंका घ्यावी. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यात सापडला. अशा वेळी पक्षी हाताळू नये, विकू नये, मेलेला पक्षी उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांना लगेच कळवावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

बाकी सगळ्या ठणठणीत आणि एकटी म्हातारी आजारी, असे असेल तर पुढे वाचा.

पहिले चोवीस तास: ऊब, पाणी, एकांत

कोंबडीला कळपातून वेगळी करावी. मोठे खोके, डालगे किंवा भाजीचा क्रेट चालतो. खाली जुने सुती कापड किंवा वर्तमानपत्र अंथरावे. तूस किंवा भुसा पहिल्या दिवशी नको, कारण त्यात विष्ठा दिसत नाही. जागा शांत, थोडी अंधारी, वारा न लागणारी, कुत्र्या-मांजरापासून दूर असावी. स्वयंपाकघर ही जागा नव्हे. फोडणीचा धूर, तापलेल्या नॉनस्टिक भांड्याची वाफ, डासांची कॉइल आणि अगरबत्ती या सगळ्याचा पक्ष्याच्या फुप्फुसाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास होतो. चुलीजवळ किंवा कोळशाच्या शेगडीजवळही ठेवू नये.

आजारी पक्ष्याची बरीच ताकद अंग गरम राखण्यातच जाते. ती वाचवली तर आजाराशी झगडायला उरते. हिवाळा-पावसाळ्यात खोक्याच्या एका बाजूचे तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास राहील असे पाहावे. जुना पिवळा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब मिळाला तर तो एका कोपऱ्यात, कोंबडी पोचणार नाही एवढ्या उंचीवर लावावा. एलईडी बल्बने ऊब मिळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भारनियमन असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि दर दोन-तीन तासांनी बदलावी. ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे नको वाटले तर कोंबडी दुसरीकडे सरकते. चोच उघडून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली.

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात मात्र हे सगळे उलटे करावे लागते. तिथे म्हातारी, जड अंगाची कोंबडी आजारापेक्षा उष्णतेनेच आधी दगावते. ओले पोते, सावली, पाय बुडतील एवढ्या साध्या पाण्याचे उथळ ताट ठेवावे. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये.

पाणी अन्नापेक्षा महत्त्वाचे. निरोगी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. आजारी कोंबडी उठून भांड्यापर्यंत जात नाही, म्हणून भांडे तिच्या चोचीसमोर ठेवावे आणि दर तासाला चोचीचे टोक पाण्यात बुडवावे, बहुतेक कोंबड्या आपणहून घोट घेतात. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट दोन लिटर पाण्यात विरघळवून पहिल्या दिवशी काही तास द्यावे, शेजारी साध्या पाण्याचे भांडेही असावे. कोंबडीला जास्त मीठ सोसत नाही, म्हणून आपल्यासाठी करतो तितके घट्ट नको. थोडे गुळाचे पाणीही चालते, पण ते उन्हाळ्यात लवकर आंबते, दर तीन-चार तासांनी ताजे करावे.

सिरिंजने किंवा चमच्याने घशात पाणी ओतण्याचा मोह टाळावा. कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या लगेच मागे उघडते आणि तिला झाकायला आपल्यासारखी झडप नसते. ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. आजारी कोंबड्या घरी दगावण्यामागे हे एक मोठे कारण असते, आणि ते प्रेमापोटीच घडते. फार तर चोचीच्या कडेला एक-एक थेंब सोडावा आणि तिने गिळल्यावरच पुढचा सोडावा.

अंग गरम झाले, दोन-चार वेळा पाणी प्यायली, मगच खाण्याचे पाहावे. उकडलेले अंडे कुस्करून, भिजवलेली बाजरी, नेहमीचे खाद्य कोमट पाण्यात कालवून, बिनमिठाचा मऊ भात किंवा नाचणीची पेज यांपैकी जे ती टिपेल ते द्यावे. कोंबडीला अंडे खाऊ घातले तर ती अंडी फोडायला शिकते असा समज आहे. शिजवलेले, कुस्करलेले अंडे तिला अंडे म्हणून ओळखू येत नाही. अन्नपिशवी सकाळी भरलेली होती तर मात्र घन अन्न देऊ नये.

पोट आणि अंडे: म्हातारपणाचा मुख्य आजार

म्हाताऱ्या कोंबडीच्या मृत्यूचे कारण शोधले तर फार वेळा ते अंड्याच्या यंत्रणेत सापडते. इथे जातीचा फरक मोठा पडतो. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. फार्मवरची संकरित लेयर ३०० च्या पुढे जाते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. म्हणजे संकरित कोंबडीच्या शरीराला जवळजवळ विश्रांतीच मिळत नाही. फार्मवरून स्वस्तात आणलेली लेयर कोंबडी तुम्ही पाळली असेल, तर तिला दोन-तीन वर्षांतच हे आजार होऊ शकतात. गावठीला ते उशिरा होतात, कधी होतही नाहीत.

यातला तातडीचा प्रकार म्हणजे अंडे अडकणे. कोंबडी पेंग्विनसारखी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहते, पुन्हा पुन्हा घरट्यात जाते, कुंथते, शेपूट वर-खाली हलते, विष्ठा होत नाही किंवा थोडी पाणी-पाणी होते. टबात कोपराला कोमट लागेल इतके पाणी घेऊन तिला पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटे धरून बसावे. मग नीट कोरडे करून उबेत, अंधारात ठेवावे. गुदद्वाराच्या कडेला थोडे खोबरेल लावावे. हे दोन-तीन वेळा करता येते. कॅल्शियम कमी पडल्याने स्नायू अंडे ढकलू शकत नाहीत, म्हणून डॉक्टर कॅल्शियमचे इंजेक्शन देतात. बारा तासांत अंडे बाहेर आले नाही, किंवा त्याआधीच ती लोळागोळा झाली, तर दवाखाना गाठावा. पोट दाबून अंडे बाहेर काढायला किंवा आतल्या आत फोडायला जाऊ नये. कवचाचे तुकडे नळी फाडतात. अंड्याबरोबर लाल मांस बाहेर आले असेल, तर ते कोमट पाण्याने धुवून ओलसर ठेवावे आणि इतर कोंबड्यांच्या नजरेस पडू देऊ नये. त्या लाल रंगावर तुटून पडतात आणि आतडे ओढून काढतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

दुसरा प्रकार सावकाश वाढतो. पिवळे बलक नळीत न जाता पोटात पडते, तिथे कुजते, सूज येते. किंवा अंडाशयात गाठ होते. म्हाताऱ्या कोंबड्यांत अंडाशयाचा कर्करोग आपोआप, इतक्या प्रमाणात होतो की माणसातल्या या रोगाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबड्याच वापरतात. लक्षणे सारखीच: अंडी बंद, किंवा मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी, छाती वाळलेली पण पोट भरलेले, चाल बदकासारखी फाकलेली. पोट हाताला पाण्याच्या फुग्यासारखे लागत असेल तर आत पाणी साचले आहे. ते डॉक्टर सुईने काढू शकतात. श्वास मोकळा होतो, कोंबडी त्याच दिवशी खायला लागते. पण पाणी पुन्हा भरते, कधी आठवड्यात, कधी दोन महिन्यांत. हा आराम आहे, उपचार नाही, हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना आधीच सांगून ठेवावे. घरी सुई टोचून पाणी काढू नये.

या आजारांत शरीराला अंड्यापासून विश्रांती मिळाली तर बरे पडते. कोंबडीच्या अंड्याचा संबंध उजेडाशी आहे, म्हणून खुराड्यात रात्रभर दिवा ठेवू नये. उबेसाठी बल्ब लावावा लागत असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर त्याऐवजी गरम बाटली वापरावी. म्हातारी खुडूक बसली तर तिला घाईने उठवू नये, तेवढे दिवस अंडी बंद राहतात. फक्त दिवसातून दोनदा उचलून खायला-प्यायला लावावे.

अंडी पूर्ण थांबलेल्या कोंबडीला लेयर खाद्य देत राहणेही बरोबर नाही. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. कवचात न गेलेले कॅल्शियम मूत्रपिंडावर पडते. तिला ग्रोअर खाद्य किंवा घरचे मिश्र धान्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. ज्यांना गरज असते त्या कोंबड्या तो आपणहून टिपतात.

अन्नपिशवी, पाय, कातडी

अन्नपिशवी सकाळी कडक, कणकेच्या गोळ्यासारखी लागत असेल तर लांब गवत, सुतळी, प्लास्टिक अडकले असावे. घन खाद्य बंद करून पाणी द्यावे आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटांनी हलके चोळावे. पिशवी पाण्यासारखी मऊ आणि चोचीला आंबूस वास असेल तर आत बुरशी वाढलेली असते, त्यावर डॉक्टरांकडूनच औषध घ्यावे. काही जण कोंबडी उलटी टांगून पिशवी रिकामी करतात. त्यात ओकारी श्वासनलिकेत जाते, म्हणून ते करू नये. चोवीस तासांत फरक नसेल तर दवाखाना. म्हाताऱ्या कोंबडीत पिशवी पुन्हा पुन्हा भरून राहते तेव्हा मूळ आजार बहुधा पोटात असतो.

पायांचे दुखणे बरे होण्यासारखे असते आणि त्याकडेच दुर्लक्ष होते. तळपायाला काळी खपली आणि आत कडक गाठ झाली की कोंबडी लंगडते. जड अंग, उंच दांडीवरून कडक जमिनीवर उडी, ओली जागा ही त्याची कारणे. कोमट पाण्यात थोडे मीठ घालून पाय दहा मिनिटे बुडवून, पुसून, पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधावी. गाठ मोठी असेल तर डॉक्टर चिरून काढतात. दांडी गुडघ्याच्या उंचीच्या खाली आणावी, खाली कुटार किंवा तूस पसरावे. पायाचे खवले वर उचलले जाऊन पांढरट खपल्या धरल्या असतील तर तो माइटचा त्रास आहे. पाय धुवून, जुन्या दातब्रशने हलके घासून खोबरेल किंवा व्हॅसलीन जाड लावावे, दोन-तीन आठवडे, एक दिवसाआड. रॉकेल, डिझेल लावण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, कातडी भाजते.

म्हातारी कोंबडी धुळीत अंग घोळवणे कमी करते, मग उवा वाढतात. चुलीची थंड राख आणि कोरडी माती सारखी घेऊन घमेल्यात ठेवावी, ती आपणहून बसली नाही तर हाताने पंखांखाली चोळावी, डोळे-नाक वाचवून. तांबड्या माइट दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या सांध्यांत पाहावे. शेतात फवारायचे कीटकनाशक किंवा तंबाखूचे पाणी कोंबडीच्या अंगावर कधीही वापरू नये. त्याने अशक्त पक्षी तासाभरात मरू शकतो.

पावसाळ्यात शेपटीखाली विष्ठा चिकटून राहिली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. कोमट पाण्याने धुवून तिथली पिसे कातरून टाकावीत, रोज पाहावे. अळ्या दिसल्या तर चिमट्याने काढाव्यात आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. जनावरांच्या जखमेत घालतात ते टर्पेंटाईन कोंबडीला घालू नये.

औषधाच्या कपाटाकडे जाण्यापूर्वी

घरातल्या वेदनाशामक गोळ्या कोंबडीला देऊ नयेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन आपल्याकडची गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन संपत आली, आणि त्यामुळेच २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. वेदना कमी करणारे औषध पक्ष्यांना देता येते, पण कोणते आणि किती हे पशुवैद्यक वजन पाहून ठरवतो.

प्रतिजैविकांचेही तसेच. शेजारच्या पोल्ट्रीतून उरलेली पुडी आणून पाण्यात टाकली जाते. म्हाताऱ्या कोंबडीचे बहुतेक आजार जंतूंचे नसतात, त्यामुळे पुडीने फायदा होत नाही आणि अन्नपिशवीतली बुरशी मात्र वाढते. जुन्या पुड्यांत कॉलिस्टिनसारखी औषधे असू शकतात, ज्यांच्या खाद्यजनावरांतील वापरावर २०१९ पासून बंदी आहे. जंताचे औषधही विष्ठा तपासून द्यावे. कोणतेही औषध चालू असेल तर त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. लाडकी असली तरी तिची अंडी घरात सगळे खातात.

दवाखान्यात नेताना झाकलेल्या, भोके पाडलेल्या खोक्यात न्यावे. त्या दिवशीची विष्ठा छोट्या डबीत, चालण्याचा किंवा श्वासाचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ आणि वजनाची नोंद सोबत असेल तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. आपल्याकडच्या बहुतेक पशुवैद्यकांना कोंबडी म्हटले की कळपाचा विचार करायची सवय असते: एक मारून शवविच्छेदन करायचे आणि बाकीच्या वाचवायच्या. ते चुकीचे नाही. तुम्हाला याच कोंबडीवर उपचार हवे आहेत, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. तालुक्याला सोय नसेल तर परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करावी.

बरी झाली नाही, पण जगते आहे

अनेक कोंबड्या याच अवस्थेत महिनोन् महिने काढतात. त्यांच्यासाठी घर थोडे बदलावे. खाण्या-पिण्याची भांडी एकाच जागी ठेवावीत, नजर कमी झालेली कोंबडी जागा लक्षात ठेवते. वाढलेली नखे टोकाला थोडीशीच कापावीत. रक्त आलेच तर हळद दाबून धरावी. दुपारी ऊन कोवळे झाल्यावर तिला अंगणात न्यावे. शक्यतो एखादी शांत स्वभावाची कोंबडी तिच्याबरोबर ठेवावी, कारण एकटी ठेवलेली कोंबडी खाणे सोडते. बऱ्या झालेल्या कोंबडीला कळपात परत सोडताना तीन-चार दिवस जाळीआडून ओळख होऊ द्यावी. पंधरवड्याच्या गैरहजेरीनंतर ती बाकीच्यांना परकीच असते.

तिला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलांना तिच्या चोचीशी तोंड नेऊ देऊ नये, निरोगी दिसणाऱ्या कोंबडीतही साल्मोनेला असू शकतो.

केव्हा थांबावे

हा निर्णय एका वाईट दिवसावरून घेऊ नये. रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहाव्यात: स्वतः खाल्ले का, स्वतः उठून चालली का, आजूबाजूला काय चालले आहे याकडे लक्ष होते का. सलग तीन दिवस तिन्हींना उत्तर नाही असेल, किंवा श्वासासाठी मान ताणून धडपडत असेल, किंवा पोटातले पाणी काढूनही आठ दिवसांच्या आत पुन्हा तीच अवस्था येत असेल, तर उपचार वाढवण्यात कोंबडीचे हित नाही. हातातून भरवून आणखी पंधरा दिवस काढता येतात. ते कोणासाठी, हा प्रश्न स्वतःला विचारावा. पशुवैद्यक आधी भूल देऊन इंजेक्शनने शांतपणे मरण देऊ शकतात. डॉक्टर मिळणे शक्य नसेल तर ज्याला मान झटक्यात निखळवण्याचा खरा सराव आहे अशाच माणसाकडून ते करवून घ्यावे. नवख्या हाताने प्रयोग करू नये. आजारी किंवा औषधे दिलेल्या कोंबडीचे मांस खाऊ नये, कुत्र्यालाही घालू नये.

विहीर, बोअर आणि ओढ्यापासून दूर, किमान तीन फूट खोल खड्ड्यात पुरावे, वर चुना टाकून माती दाबावी आणि दगड ठेवावेत, नाहीतर कुत्री उकरतात. मरण अचानक आले आणि कारण कळले नाही, तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवून शवविच्छेदन होऊ शकते का ते विचारावे. मृत पक्षी दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवावा, गोठवू नये. तिचे खोके जाळून टाकावे, भांडी धुवून दोन दिवस कडक उन्हात ठेवावीत, आणि उरलेल्या कोंबड्यांची विष्ठा व अन्नपिशवी पुढचे दोन आठवडे रोज पाहावी.